हातोडी जरा बाजूला ठेवा

प्रश्न : आम्ही विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठी जुनं घर घेतलं. घराबरोबर गॅरेजमधली एक होडीची मोटरही पदरात पडली : जॉन्सन सी-हॉर्स, दहा हॉर्सपॉवर, 1950 च्या दशकातली. सुरू करायची दोरी ओढली तर इंचभरही हलत नाही. शेजारी म्हणतो, डब्ल्यूडी-40 मारा. मुलानं व्हिडिओ बघून ब्लो टॉर्च आणायचा घाट घातलाय. बाबा रत्नागिरीत असतात, त्यांचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं. ते फोनवर सांगतात, ‘रॉकेल ओत आणि आठ दिवस विसरून जा.’ कोणाचं ऐकू? ता. क. : शेजाऱ्याचा असाही दावा आहे की, आउटबोर्ड मोटरीचा शोध आमच्याच राज्यात लागला. खरं का?

उत्तर : तिघांचंही ऐका, फक्त क्रम लावून. आधी बाबा, मग मुलगा, शेजारी सगळ्यांत शेवटी. ता. क.चं नंतर बघू.

मोटर जाम होण्याची कारणं तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचा उतारा निराळा आहे. पहिलं कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो. त्यामुळे बोल्ट आणि आट्यांमधली किंवा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरमधली बारीक फट गंजानं गच्च भरते आणि दोन्ही भाग एकमेकांना आवळून धरतात. दुसरं कारण पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पोलादी बोल्ट बसवला आणि तिथं पाणी मुरलं, तर झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्या झिजेची पांढरी पूड आट्यांत कोंबली जाते. तिसरं कारण निरुपद्रवी आहे. जुन्या पेट्रोलमधलं तेल वाळून त्याचा चिकट, वार्निशसारखा थर बसतो. चौथं मात्र खरं दुखणं. कोणीतरी कधीतरी तेल न मिसळता मोटर चालवली, पिस्टन तापला आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलं गेलं. तिथं कोणतंही तेल मुरत नाही, कारण मुरायला फटच उरलेली नसते. ते काम मशीन शॉपचं.

तुमची मोटर गोड्या पाण्यातली आहे, हे तुमचं नशीब. समुद्रातली असती तर पांढऱ्या भुकटीनं छळ मांडला असता. गोड्या पाण्यातल्या आणि वर्षानुवर्षं गॅरेजच्या दमट हवेत पडलेल्या मोटरीत बहुतेक वेळा पहिलं आणि तिसरं कारण सापडतं. दोन्हींवर इलाज आहे.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा : यातलं काय वाचवायचं आणि काय मेलं तरी चालेल. तुमच्या मोटरीचं सिलिंडर ब्लॉक, मधला खांब, खालचा गिअरबॉक्स ही सगळी ॲल्युमिनियमची कास्टिंग आहेत आणि ती आज कोणी ओतत नाही. जॉन्सन आणि एव्हिन्रूड ही दोन्ही नावं ज्या कंपनीच्या छत्राखाली होती, ती डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढं दुसऱ्या कंपनीनं एव्हिन्रूडचं नाव चालवलं, तेही उत्पादन 2020 मध्ये थांबलं. बोल्ट मात्र कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तेव्हा जिथं बोल्ट आणि कास्टिंग यांच्यात निवड करायची वेळ येईल, तिथं बोल्टाला खुशाल मरू द्या. लोक नेमकं उलटं करतात. बोल्ट अख्खा निघावा म्हणून इतका जोर लावतात की, कास्टिंगचा कानच तुटून हातात येतो.

आता अडलंय कुठं ते शोधू. दोरी हलत नाही याचा अर्थ पिस्टनच धरलाय असं नाही. दोरी ज्या चकतीवर गुंडाळलेली असते तिची स्प्रिंग अडकली असेल, गिअर अडकला असेल, नाहीतर पाण्याच्या पंपाचं रबरी चाक वाळून आपल्या घरात चिकटलं असेल. म्हणून आधी दोरीचं वरचं झाकण काढून बाजूला ठेवा. जॉन्सननं 1949 पासून या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरीला पुढं-न्यूट्रल-मागं असे गिअर दिले होते. त्याचा इथं उपयोग होतो : न्यूट्रलमध्ये टाका आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. हललं, तर दोष दोरीच्या चकतीत, खालच्या गिअरबॉक्समध्ये किंवा पंख्याच्या दांड्यात आहे. नाही हललं, तर वरच्या इंजिनात किंवा त्याला खाली जोडणाऱ्या उभ्या दांड्यावर.

हे करण्याआधी दोन्ही स्पार्क प्लग काढायला विसरू नका. एक तर आतली हवा दाबण्याचं काम वाचतं. दुसरं म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. प्लग लावलेला असताना जोरात फिरवलंत तर पिस्टनचा दांडा वाकू शकतो. प्लगच्या भोकातून बॅटरीचा प्रकाश टाका. भिंत चकचकीत दिसली तर पेढे वाटायला हरकत नाही. तांबूस-तपकिरी दिसली तर गंज आहे.

इथं बाबांचं रॉकेल कामाला येतं. रॉकेल पातळ असतं आणि केशाकर्षणानं बारीक फटीत शिरतं. त्यात थोडं इंजिन ऑइल घातलं की शिरल्यावर वंगणही मिळतं. अमेरिकेतले जुन्या मोटरींचे शौकीन ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून वापरतात. तेही चांगलं आहे, पण ॲसिटोन कमालीचं ज्वालाग्राही असतं आणि बंद गॅरेजमध्ये त्याची वाफ साचते, म्हणून ते दार उघडं टाकूनच. बाटलीबंद भेदक तेलंही मिळतात. माझ्या मते कोणतं तेल घ्यायचं यावर लोक जितकं भांडतात, तितका फरक तेलातेलात नसतो. फरक असतो तो वेळेत. बाबांच्या सल्ल्यात रॉकेलपेक्षा ‘आठ दिवस विसर’ हा भाग मोलाचा.

मात्र फोनवर बाबांना एक गोष्ट दिसत नाही. एसटीच्या किंवा ट्रकच्या इंजिनात सिलिंडर उभे असतात. वरून तेल ओतलं की ते पिस्टनवर साचून सगळ्या बाजूंनी रिंगांत मुरतं. आउटबोर्डमध्ये क्रँक उभा आणि सिलिंडर आडवे. प्लगमधून ओतलेलं तेल सिलिंडरच्या खालच्या कडेला जाऊन बसतं आणि वरच्या अर्ध्या रिंगेला त्याचा स्पर्शही होत नाही. महिनाभर ओतत राहिलात तरी तीच कथा. म्हणून मोटर होडीला अडकवायचा जो शिकंजा असतो, ती बाजू खाली करून मोटर आडवी झोपवा. प्लग आकाशाकडं बघायला लागले की सिलिंडर उभे झाले. मग ओता.

त्यातही एक बारकावा आहे. हे टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे सिलिंडरच्या भिंतीत धूर बाहेर जायची आणि पेट्रोल आत यायची भोकं असतात. तुमच्या दोन पिस्टनपैकी एक वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. खाली असलेला पिस्टन ही भोकं उघडी ठेवतो, त्यामुळे त्या सिलिंडरमधलं तेल टिकत नाही. आज भरलं, उद्या रिकामं, तेही गॅरेजच्या फरशीवर. मोटर गळतेय म्हणून घाबरू नका. खाली ट्रे ठेवा आणि रोज थोडं थोडं घालत राहा. पाहिजे तर बाजूचं धुराचं झाकण खोलून रिंगांवर थेट तेल सोडा. पण त्या झाकणाचे बोल्ट छोटे आणि हट्टी असतात, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो.

आठवड्यानंतर मोटर उभी करा. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवा. गोल फिरवायला जाऊ नका, नुसतं हलवा. केसभर हललं तरी जिंकलात, कारण त्या केसभर हालचालीनं तेलाला पुढं जायला वाट मिळते. पुन्हा तेल, पुन्हा हलवणं. दोरी ओढू नका. दोरी तुटेल किंवा आतले दाते मोडतील. फ्लायव्हीलच्या नटावर लांब पाना लावून सगळं वजन टाकण्याचा मोहही टाळा. तो जोर पिस्टनपर्यंत पोचण्याआधी नटाच्या आट्यांवर आणि फ्लायव्हीलच्या आतल्या छोट्या चावीवर येतो. रिमला पट्ट्याचा पाना लावला तर चालेल.

तरीही हटून बसलंच, तर सिलिंडरचं हेड काढावं लागेल. पुष्कळ लोक या टप्प्यावर पिस्टनच्या डोक्यावर सागवानी ठोकळा ठेवून हातोडी मारायला लागतात. कधी मारायची, हे क्रँक कुठं थांबलाय त्यावर ठरतं. पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल, तर त्याचा दांडा आणि क्रँक एका सरळ रेषेत असतात. तिथं मारलेला घाव क्रँक फिरवत नाही, सरळ बेअरिंगवर बसतो. पण त्याच स्थितीत फ्लायव्हील फिरवलं, तर थोडक्या जोरानं पिस्टनवर प्रचंड बळ येतं. याउलट पिस्टन मध्यावर असेल तेव्हा ठोकळा चांगला काम करतो आणि फ्लायव्हीलचा तोच जोर तुलनेनं कमी पडतो. म्हणून आधी बघा आणि मग हत्यार निवडा. ठोकळा लाकडाचाच हवा आणि घाव हलके, पण पुष्कळ. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. एका जोरदार फटक्यात त्याच्या डोक्याला खळगा पडतो.

पिस्टन सुटला की लगेच पेट्रोल भरून दोरी ओढायची घाई होते. थांबा. सुटलेला गंज आता सिलिंडरमध्ये वाळूचं काम करतोय. सगळं पुसून काढा. रिंगा आपल्या खाचेत दाबल्यावर आत जाऊन परत बाहेर येतात का, ते पाहा. काजळीनं खाचेतच चिकटलेली रिंग सिलिंडरला नीट भिडत नाही आणि मग मोटर फिरते खरी, पण दम धरत नाही.

आता बोल्ट, म्हणजे मुलाचा टॉर्च. त्याआधी पान्यांचा डबा तपासा. तुमची मोटर इंचांच्या मापाची आहे. तिच्यातल्या पाव इंची बोल्टाचं डोकं साधारण सात-सोळांश इंच, म्हणजे 11.1 मिलिमीटर असतं. भारतातून नेलेला 11 चा पाना त्यावर बसणार नाही आणि 12 चा बसेल पण सैल. सैल पान्यानं कडा झिजतात आणि डोकं गोल झालं की निम्मी लढाई हरलात. इंची मापाचे, सहा कोनांचे सॉकेट घ्या. बारा कोनांचे सॉकेट कडेला टेकतात, सहा कोनांचे सपाट बाजूवर.

बोल्ट सोडवताना आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण दोन्ही दिशांना केलेल्या बारीक हालचालीनं गंजाचा थर तडकतो. बोल्टाच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून दिलेले हलके ठोके हेच काम करतात. खाचेच्या स्क्रूंसाठी हातोडी मारल्यावर आपोआप वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. खर्च फार नाही आणि फायदा फार आहे. पाना फिरतोय पण बोल्ट जागचा न हलता नुसता पिळवटतोय, असं हाताला जाणवलं तर लगेच थांबा. पुढचा अर्धा वळसा त्याला तोडणार आहे.

अशा बोल्टाला उष्णता द्यायची. का, ते घरातल्या लोणच्याच्या बरणीवरून कळेल. झाकण घट्ट बसलं की आपण ते गरम पाण्याखाली धरतो, कारण धातूचं झाकण काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. इथंही तेच आहे. सारख्याच तापमानवाढीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरतं. आठ मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं कास्टिंग बोल्टासकट 100 अंशांनी तापवलं, तर भोक मिलिमीटरच्या सुमारे 18 सहस्रांशांनी रुंदावतं आणि बोल्ट 10 सहस्रांशांनी जाड होतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नाही, पण भुकटीचा सांधा फोडायला तेवढा पुरतो. मग निवताना भेदक तेल सोडलं की ते त्या नव्या फटीत ओढलं जातं.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली : तापवायचं ते बोल्टाभोवतीचं कास्टिंग, नुसतं बोल्टाचं डोकं नाही. (डोकंच तापवायचं असेल तर त्यालाही अर्थ आहे. फुगलेला बोल्ट भुकटीला चिरडतो आणि निवल्यावर आकसतो. पण मग पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.) दुसरी : मुलाला टॉर्चऐवजी हीट गन द्या. पोलाद तापताना लाल होऊन आपल्याला सावध करतं. ॲल्युमिनियम तसं काही करत नाही. साध्या उजेडात ते रुपेरीच दिसत राहतं, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं, मिश्रधातू त्याही आधी. त्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद गेलेली असते. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडाला की पुष्कळ झालं. आणि हे करण्याआधी पेट्रोलची टाकी तर बाहेर न्याच, कार्ब्युरेटरची वाटीही रिकामी करा. ज्या चिंधीनं आठवडाभर तेल पुसलं ती चिंधी मोटरीजवळ नको आणि तापलेल्या भागावर ॲसिटोनचं मिश्रण तर मुळीच नको. तिथं मेणबत्ती टेकवा. गरम आट्यांत मेण वितळून सरसर आत जातं.

तरीही एखादा बोल्ट तुटणारच. त्यात तुमची चूक काढू नका, पण पुढचं पाऊल जपून टाका. तुटलेला तुकडा थोडा वर उरला असेल तर व्हाइस ग्रिपनं धरा, तापवा, हलवा. वेल्डिंगवाला ओळखीचा असेल तर त्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची धग आणि पान्याला नवी पकड असे दोन्ही फायदे एकदम होतात. तुकडा आतच तुटला असेल, तर लोक तुटका बोल्ट काढायचा तो उलट्या आट्यांचा काढणी स्क्रू आणतात. त्याच्यापासून सावध राहा, असंच मी सांगेन. तो अतिशय कठीण आणि म्हणून ठिसूळ पोलादाचा असतो. जो बोल्ट पूर्ण जोरात असताना सुटला नाही, तो या बारीक स्क्रूनं सुटेल कसा? मग स्क्रूच आत मोडतो आणि त्याला साधं ड्रिल लागत नाही. त्यापेक्षा अगदी मध्यबिंदूवर खूण ठोका आणि उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिटनं भोक पाडत जा. पुष्कळदा ड्रिलच्या कंपनानं आणि उष्णतेनं तुकडा स्वतःच बाहेर येतो. नाही आला तर संपूर्ण पोखरून काढा आणि भोकाचे आटे गेले तर तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवा. ॲल्युमिनियममध्ये असे आटे मूळच्यापेक्षा दणकट ठरतात. कास्टिंग वाचवायचं म्हणतो ते हेच.

फ्लायव्हील काढायची वेळ बहुधा येईलच. या काळातल्या मोटरींच्या मॅग्नेटोची कॉइल जुनी होऊन तडकते आणि ती फ्लायव्हीलच्या पोटात असते. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट रुतून बसलेलं असतं. तिथं गंज नसला तरी ते सहज निघत नाही. ती त्याची रचनाच आहे. नट क्रँकच्या टोकाशी सपाट होईपर्यंतच सैल करा, पूर्ण काढू नका, म्हणजे आटे वाचतील. मध्यभागाजवळ आट्यांची तीन भोकं दिसतील. पुलरचे बोल्ट त्यांत लावा. रिमला आकडे अडकवून ओढणारा गाडीचा पुलर इथं चालत नाही, त्यानं रिम वाकते. पुलरचा मधला बोल्ट चांगला ताणा आणि त्या बोल्टाच्या डोक्यावर एक कडक ठोका द्या. टक् असा आवाज येऊन फ्लायव्हील सुटतं. रिमवर हातोडी मारू नका, आत चुंबक आहेत.

वरचं इंजिन सुटलं तरी कधीकधी ते मधल्या खांबावरून उचलत नाही. कारण खालून येणाऱ्या उभ्या दांड्याचे दाते क्रँकमध्ये गंजलेले असतात. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटण्याचा मोह टाळा. तिथं पडलेल्या ओरखड्यातून पुढं पाणी गळतं. मोटर उलटी टांगा, तेल सोडा, ताप द्या, थांबा. पंख्याचं बघायचं तर त्याची छोटी पिन आधी काढा. ती काढायची राहिली म्हणून पंखा धरलाय असं समजून हातोड्या मारणारे लोक मी पाहिलेत. पाण्याच्या पंपाचं रबरी चाक मात्र सोडवत बसू नका. काढा आणि नवं घाला. पाण्याबाहेर मोटर क्षणभरही चालवली तर नवं चाकही फाटतं, हेही लक्षात असू द्या.

राहिला शेजारी. डब्ल्यूडी-40 वाईट नाही, पण ते मुळात गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी केलेलं नव्हतंच. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथं एका छोट्या कंपनीनं क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी ते बनवलं. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात 40. पाणी हटवायला ते उत्तम आहे. आठवडाभर फटीत टिकून राहायला थोडं पातळ आणि उडून जाणारं. सगळं सुटल्यावर, भाग धुतल्यावर त्यांच्यावर मारा, म्हणजे शेजारीही खूश.

कोणी भाग कोलात बुडवायला सांगेल, कोणी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायला सांगेल. कोलातलं आम्ल पातळ असतं. त्याच्यानं छोटा बोल्ट उजळतो, पण जाम सुटत नाही. सोड्याचा उपाय लोखंडासाठी खरोखर चांगला आहे, पण त्यात ॲल्युमिनियमचा भाग कधीही टाकू नका. तीव्र अल्कलीत ॲल्युमिनियम विरघळतं. गंज काढायला जाल आणि भागच जाईल.

मोटर चालू झाली की पेट्रोलमध्ये तेल किती, हे आजच्या मोटरींवरून ठरवू नका. आज 50 ला 1 हे प्रमाण रूढ आहे, ते पुढच्या पिढीच्या बेअरिंगसाठी. तुमच्या मोटरीच्या पिढीला त्याहून दाट मिश्रण लागतं, बहुधा 24 ला 1. मोटरीवरच्या पट्टीवर किंवा तिच्या पुस्तकात जे दिलं असेल ते प्रमाण, आणि तेल मात्र आजचं, आउटबोर्डचंच. नाहीतर चौथं कारण घरात बोलावून घ्याल.

आता ता. क. शेजाऱ्याचा दावा अर्धा खरा. ओले एव्हिन्रूड हे नॉर्वेत जन्मलेले, लहानपणी विस्कॉन्सिनला आलेले. 1906 च्या उन्हाळ्यात ओकाउची तळ्यावर होणाऱ्या बायकोसाठी वल्हवत आइस्क्रीम आणायला गेले आणि परत येईपर्यंत ते वितळलं, त्यातून मोटरीची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी 1909 मध्ये मिलवॉकीत मोटरी विकायला सुरुवात केली : दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड. पण त्यांच्याआधी काही वर्षं कॅमेरॉन वॉटरमन यांनी डेट्रॉइटमध्ये आउटबोर्ड मोटर बनवून विकली होती. विस्कॉन्सिननं ती धंद्यात चालवून दाखवली, एवढं शेजाऱ्याला देऊन टाका.

प्रश्न : आमची देवगडला मासेमारीची छोटी होडी आहे, आउटबोर्ड मोटरीची. गंजणारे बोल्ट काढून सगळीकडं स्टेनलेस स्टीलचे घातले. तर दोन पावसाळ्यांत तेच सगळ्यांत घट्ट बसलेत. स्टेनलेस गंजत नाही ना?

उत्तर : बोल्ट गंजलाच नाहीये. काढल्यावर बघाल, तो नव्यासारखा निघेल. गंजलंय ते त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि जो धातू जास्त क्रियाशील, तो झिजत जातो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या जोडीत ॲल्युमिनियमच बळी जातं. त्याची पांढरी पूड आट्यांत ठासली जाते. म्हणजे साधा बोल्ट काढून स्टेनलेस घातलात, तेव्हा बोल्ट वाचला आणि मोटर झिजायला लागली.

साधे बोल्ट परत घाला असं म्हणत नाही, तेही खाऱ्या पाण्यात लवकर जातात. पण आटे कोरडे ठेवू नका. पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस आट्यांना भरपूर लावूनच बोल्ट बसवा, म्हणजे खाऱ्या पाण्याला दोन धातूंच्या मध्ये शिरायला जागा उरत नाही. तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ इथं टाळा. तांबंही ॲल्युमिनियमला खायला मदतच करतं. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचाच नट असेल, तर तो झपाट्यानं फिरवू नका. घर्षणानं त्यांचे आटे एकमेकांत अडकतात आणि नवाकोरा नटही अर्ध्या वाटेत कायमचा थांबतो. तिथंही ग्रीस, आणि हात सावकाश.

प्रत्येक फेरीनंतर मोटर गोड्या पाण्यानं आतून धुवा, आणि पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवता तेव्हा हे बोल्ट एकदा सोडून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. मोटरीला जे जस्ताचे तुकडे लावलेले असतात, ज्याला बंदरावर नुसतं झिंक म्हणतात, ते झिजण्यासाठीच असतात. ते झिजतात म्हणून ॲल्युमिनियम टिकतं. काहीजण होडीबरोबर त्यांनाही रंग फासतात. मग ते निरुपयोगी होतात. रंग खरवडून काढा, आणि निम्मं झिजलं की बदला. झिंक वर्षानुवर्षं जसंच्या तसं दिसत असेल तर खूश होऊ नका. त्याच्या बोल्टाखालचा मळ काढून ते मोटरीच्या धातूला नीट टेकतंय का, ते पाहा.